वायरमन व्हायला काय लागतं? खांबावर चढलेल्या पहिल्या पिढीची गोष्ट

(ही आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तितके काढलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.)

आजच्या भागाची सुरुवात एका फोनने झाली.

माझा एक मामेभाऊ आहे, वय १९. बारावीला गाडी अडकली. घरची शेती दीड एकर, त्यात दोन भाऊ. मामाने त्याला तालुक्याच्या गावातल्या एका इलेक्ट्रिक काँट्रॅक्टरच्या हाताखाली लावून दिलं. पहिले सहा महिने पगार नाही, फक्त चहा, वडापाव आणि जायच्या-यायच्या भाड्याचे पैसे. कारण काय, तर “शिकतोयस ना? मग पगार कसला मागतोस?” हा पोरगा भिंतीला झिऱ्या मारायचा, पाइप टाकायचा, वायरी ओढायचा. एक दिवस तो घोड्यावर उभा राहून सीलिंगमधलं जॉइंट करत होता आणि खाली कुणीतरी ‘पंखा चालतोय का बघू’ म्हणून मेन चालू केली. नशीब चांगलं, तो मागे फेकला गेला. तळहात भाजला, खांदा निखळला. दवाखान्याचा खर्च मामाने केला.

रात्री त्याचा फोन आला. “दादा, सोडून देऊ का हे काम? का सगळे असंच शिकतात?”

मी काय सांगणार? मी पुण्यात एसीत बसून कोड लिहितो. नोकरी लागली तेव्हा मलाही काही येत नव्हतं, पण मला पहिल्या महिन्यापासून स्टायपेंड होता. मी चूक केली तर बिल्ड फेल व्हायचं, सीनियर दोन शब्द बोलायचा, विषय संपला. माझ्या शिकण्याचा खर्च कंपनी करत होती. त्याच्या शिकण्याचा खर्च त्याचा खांदा करत होता.

त्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मात्र डोक्यात राहिला. सगळे असंच शिकतात का? म्हणजे हा धंदा जेव्हा नवा होता, जेव्हा कुणालाच अनुभव नव्हता, तेव्हा लोक वायरमन कसे झाले? ते शोधताना मी जाऊन पोचलो थेट १८८२ च्या न्यूयॉर्कमध्ये. चला तर.

जेव्हा कुणीच इलेक्ट्रिशियन नव्हतं

४ सप्टेंबर १८८२. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. पहिल्या दिवशी साधारण ४०० दिवे लागले. आज एखाद्या बऱ्यापैकी मंगल कार्यालयात याहून जास्त दिवे असतात! पण ते ४०० दिवे लावायला घराघरांत, दुकानांत, ऑफिसांत तारा न्याव्या लागल्या. आणि ते काम येणारी माणसं अस्तित्वातच नव्हती.

‘इलेक्ट्रिशियन’ हा शब्द होता, पण त्याचा अर्थ वेगळा होता. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन वगैरे मंडळी हा शब्द वापरत, तेव्हा त्याचा अर्थ होता विजेचा अभ्यास करणारा, प्रयोग करणारा विद्वान. हातात पक्कड घेऊन जिन्याखाली घुसणारा माणूस त्या शब्दात नव्हता.

मग माणसं आली कुठून? शेजारच्या धंद्यांतून. दारावरच्या घंटा बसवणारे आले, चोरघंटा बसवणारे आले, गॅसच्या नळ्या जोडणारे आले. तारायंत्राच्या खांबांवर चढणारे लाइनमन आले. यातल्या घंटावाल्यांना आणि तारवाल्यांना तार ओढायची सवय होती, पण ती बॅटरीच्या मिणमिणत्या करंटची. हात लागला तर जास्तीत जास्त मुंगी चावल्यासारखं वाटायचं. एडिसनच्या मंडळींनी न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या ६५ नंबरच्या ऑफिसात चक्क रात्रशाळा चालवली, कारण शिकलेला माणूस बाजारात विकत मिळत नव्हता. पण रात्रशाळेत किती जण मावणार? बाकीचे सरळ कामावरच शिकले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नवा धंदा असेल तर अनुभव नसणं ही अडचण नसते, कारण कुणालाच नसतो. गरीब घरातल्या पोरासाठी हे दार उघडं होतं. शिफारस नको, पदवी नको, भांडवल नको. फक्त चढायची हिंमत हवी. पण त्या उघड्या दाराची किंमत होती, आणि ती १८८९ मध्ये भर बाजारात सगळ्यांना दिसली.

जॉन फीक्स

१८८० च्या दशकातलं न्यूयॉर्क फोटोत बघा. खांबांवर आडव्या फळ्यांचे थरावर थर आणि प्रत्येक फळीवर तारा. तारायंत्राच्या, टेलिफोनच्या, घंटांच्या, आणि त्यांच्यातच रस्त्यावरच्या आर्क दिव्यांच्या उच्च दाबाच्या तारा. दिवाळखोरीत निघालेल्या कंपन्यांच्या तारा तशाच लोंबकळत. कोणती जिवंत, कोणती मेलेली, खालून बघून कळायची सोय नाही.

११ ऑक्टोबर १८८९. जेवणाच्या सुट्टीची वेळ, सेंटर स्ट्रीट आणि चेंबर्स स्ट्रीटचा चौक. तारायंत्र कंपनीचा लाइनमन जॉन फीक्स खांबावर चढून निकामी तारा काढत होता. त्याने ज्या तारेला हात लावला ती कमी दाबाचीच होती. पण तीच तार काही चौक पलीकडे दुसऱ्या कंपनीच्या उच्च दाबाच्या तारेला टेकली होती. फीक्स तिथेच गेला. त्याचं शरीर तारांच्या जाळ्यात अडकून पाऊण तासाच्या आसपास वरच राहिलं आणि खाली हजारो लोक मान वर करून बघत होते.

त्याच्या बायकोसाठी लोकांनी त्याच खांबावर एक डबा ठोकला आणि येणारे-जाणारे त्यात पैसे टाकून गेले. शहरात आरडाओरडा झाला, पुढे कुऱ्हाडी घेऊन माणसं पाठवून खांब आणि तारा तोडल्या गेल्या.

आता यात फीक्सची चूक शोधून दाखवा. त्याने नियम मोडला? नियमच नव्हता. त्याला अनुभव नव्हता? त्याच्या कामाचा होता की. पण शेजारच्या कंपनीच्या तारेत काय वाहतंय हे सांगायला कुणी बांधील नव्हतं. माझ्या मामेभावाच्या घोड्याखाली कुणी मेन चालू केली, ती गोष्ट आणि ही गोष्ट यांच्यात १३० पेक्षा जास्त वर्षांचं अंतर आहे. फक्त अंतरच आहे.

पिशवीत अवजारं आणि एक जादा शर्ट

१८९० मध्ये सेंट लुइस शहरात मोठं प्रदर्शन भरलं. विजेचे दिवे, विजेची यंत्रं, विजेची रोषणाई. ते उभं करायला देशभरातून वायरमन आणि लाइनमन कामाच्या शोधात आले. दिवसभर बारा तास काम करून रात्री एकत्र बसायचे. असं बसलं की काय होतं माहितीये ना? पगार विचारला जातो! कळलं की सगळ्यांची रड एकच. दिवसाला अडीच डॉलर मिळाले तर नशीब म्हणायचं, बरेच जण आठवड्याला ८ डॉलरवरही तयार. विमा कंपन्या लाइनमनला दारात उभं करत नव्हत्या. आणि प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी खांबावरून पडलेला किंवा तारेला चिकटलेला.

त्यांच्यात एक होता हेन्री मिलर. टेक्सासकडचा लाइनमन. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या महासंघाच्या एका संघटकाच्या मदतीने या लोकांनी सेंट लुइसमध्ये वायरमन-लाइनमनची युनियन काढली आणि मिलर तिचा अध्यक्ष झाला. पण त्याच्या लगेच लक्षात आलं की एका शहरातल्या युनियनने काही होत नाही. वायरमन फिरता माणूस. इथे भाव जमला नाही तर मालक शेजारच्या शहरातून दुसरा आणणार.

मग त्याने काय केलं? एका जुन्या पिशवीत अवजारं आणि एक जादा शर्ट टाकला आणि मालगाड्यांतून देश फिरायला निघाला. तिकिटाला पैसे नव्हते. ज्या गावात उतरेल तिथे लाइनवर काम मिळवायचं, दिवसभर खांबावर, आणि संध्याकाळी तिथल्या लोकांना जमवून युनियन. शिकागो, मिलवॉकी, इव्हान्सव्हिल, इंडियानापोलिस, टोलेडो, फिलाडेल्फिया... नकाशा घेऊन बघा, माणूस किती फिरला ते.

नोव्हेंबर १८९१ मध्ये सेंट लुइसमध्ये पहिलं अधिवेशन भरलं. प्रतिनिधी किती? दहा. एकूण सभासद २८६. जागा म्हणजे स्टॉली नावाच्या नाचघराच्या वरची एक खोली, तीही शहराच्या गरीब वस्तीत. त्या दहा जणांनी आठवडाभर बसून घटना लिहिली. त्यातली एक तरतूद माझ्या डोक्यातून जात नाही: सभासद मेला तर त्याच्या अंत्यसंस्कारासाठी ५० डॉलर.

विचार करा, संघटना काढताना पहिल्याच बैठकीत हे लिहावं लागलं. कारण खांबावर डबा ठोकून वर्गणी गोळा करणं हा एकच विमा तोवर उपलब्ध होता. यांनी तो डबा आधीच भरून ठेवला, सगळ्यांनी मिळून.

दुसरी मागणी होती शिकाऊ उमेदवारीची. काम येणाऱ्या माणसाच्या हाताखाली ठरावीक काळ शिकल्याशिवाय कुणाला एकट्याला तारेवर सोडायचं नाही. यात स्वार्थ होताच, कारण स्वस्तातला अर्धवट शिकलेला पोरगा आला की भाव पडतो. पण अर्धवट शिकलेला पोरगा शेजारी असेल तर जीवही जातो. पोटाची आणि जिवाची काळजी इथे एकाच मागणीत बसली.

मिलर स्वतः अध्यक्षपद सोडल्यावर पुन्हा खांबावर गेला. जुलै १८९६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये काम करताना त्याला २,२०० व्होल्टचा धक्का बसला आणि तो खाली पडला. वाचला नाही. सुरक्षित कामासाठी देश पालथा घातलेला माणूस त्याच कामाने गेला.

ती संघटना पुढे कॅनडातही गेली आणि नावात ‘इंटरनॅशनल’ आलं. इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ इलेक्ट्रिकल वर्कर्स. आज तिचे सभासद लाखांत आहेत. १९३७ मध्ये अमेरिकेत शिकाऊ उमेदवारीचा राष्ट्रीय कायदा झाला आणि १९४१ मध्ये या संघटनेने काँट्रॅक्टरांच्या संघटनेबरोबर मिळून प्रशिक्षणाची संयुक्त समिती काढली. पद्धत अशी की उमेदवाराला पहिल्या दिवसापासून पगार, पूर्ण कारागिराच्या मजुरीचा ठरावीक हिस्सा, आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा.

दारावरचा दुसरा माणूस

पण थांबा, ही गोष्ट इथेच संपवली तर ती फार गोड होईल. कारण हे दार सगळ्यांना उघडं नव्हतं. या युनियनच्या अनेक शाखांनी काळ्या कामगारांना कित्येक दशकं आत घेतलं नाही. शिकाऊ उमेदवारीच्या जागा कुणाला? तर सभासदाच्या मुलाला, पुतण्याला, मेव्हण्याला. ज्यांनी दार बांधलं त्यांनीच त्याला आतून कडी घातली.

म्हणून लुइस लॅटिमरचं नाव घ्यायला हवं. आईवडील व्हर्जिनियातून पळून आलेले गुलाम. १८४८ चा जन्म. सोळाव्या वर्षी नौदलात, यादवी युद्ध संपल्यावर बॉस्टनमध्ये एका पेटंट वकिलांच्या ऑफिसात पोऱ्या म्हणून लागला, आठवड्याला ३ डॉलर. तिथे ड्राफ्ट्समन नकाशे काढायचे ते हा बघायचा. जुनी वापरलेली ड्रॉइंगची अवजारं आणि पुस्तकं जमवली, रात्री घरी सराव केला, आणि एक दिवस म्हणाला, मला एक चित्र काढून बघू द्या. पुढे तो तिथलाच मुख्य ड्राफ्ट्समन झाला, आठवड्याला २० डॉलर. टेलिफोनच्या पेटंटसाठी ग्रॅहम बेलला आकृत्या काढून देणारा हाच.

१८८० च्या सुमारास तो विजेच्या दिव्यांच्या धंद्यात आला. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, माँट्रियल, लंडन इथे दिव्यांची कामं उभी करताना तो होता. माँट्रियलला कामगार फ्रेंच बोलणारे, तर त्यांना सूचना देता याव्यात म्हणून हा पठ्ठ्या फ्रेंच शिकला. १८८४ मध्ये एडिसनच्या कंपनीत गेला आणि १८९० मध्ये विजेच्या दिव्यांवर पुस्तक लिहिलं. हे तेच साल, ज्या साली सेंट लुइसला मिलर आणि मंडळी रात्री बसून पगाराचे हिशोब करत होती.

लॅटिमरची गोष्ट आपल्याला फार आवडते. स्वतःच्या बळावर वर आलेला माणूस, टाळ्या! मलाही आवडते. पण ती ऐकवून आपण पुढच्या पोराला म्हणतो, “बघ, त्याने केलं, तू का नाही करत?” आणि मोकळे होतो. लॅटिमर असामान्य होता. धंदा मात्र सामान्य पोरांच्या जिवावर चालतो. त्यांना रात्री जागून फ्रेंच शिकता आलं नाही तर त्यांनी खांबावरून पडायचं का?

आपल्याकडचा जिना

आता घरी येऊ. मुंबईत विजेचा पहिला प्रयोग पर्ल स्ट्रीटच्याच वर्षी, १८८२ मध्ये झाला. क्रॉफर्ड मार्केटमध्ये दिवे लागले. पण वर्षभरात ती कंपनी बुडाली आणि मार्केट परत गॅसवर गेलं. खरी सुरुवात विसाव्या शतकात. १९०७ मध्ये विजेची ट्राम, १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून गिरण्यांना वीज, १९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला विजेची रेल्वे. विजेचा कायदा १९१० चा.

वायरमन घडवायची व्यवस्था मात्र फार उशिरा आली, आणि तिची पाळंमुळं युद्धात आहेत. जुलै १९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपत असताना सरकारने पुनर्वसन आणि रोजगाराचं एक महासंचालनालय काढलं. का? तर सैन्यातून सुटून येणाऱ्या लाखो जवानांचं करायचं काय म्हणून. फाळणीनंतर तिथेच निर्वासितांना हातचं काम शिकवायला सुरुवात झाली. त्यातून १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, म्हणजे आपली आयटीआय. तिच्या बोर्डावर मराठीत दोन सुंदर शब्द असतात: इलेक्ट्रिशियनसाठी ‘वीजतंत्री’ आणि वायरमनसाठी ‘तारतंत्री’. मला तर तारतंत्री म्हणजे सतार वाजवणारा वाटायचा!

मग १९५६ चे वीज नियम. त्यातला ४५ क्रमांकाचा नियम सांगत होता की वायरिंगचं काम परवाना असलेल्या काँट्रॅक्टरनेच करायचं आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली. आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा, जो १ मार्च १९६२ पासून लागू झाला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. एक, उमेदवाराला विद्यावेतन द्यायचं. दुसरी, शिकताना त्याला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची.

सेंट लुइसच्या नाचघराच्या वरच्या खोलीत दहा जणांनी जे मागितलं, त्यातलं बरंच काही आपल्या कायद्यात लिहिलेलं आहे. छापील आहे. पण या कायद्यातली उमेदवारी म्हणजे करार करून नोंदवलेली उमेदवारी. माझा मामेभाऊ कुठेच नोंदलेला नव्हता. त्याच्यासाठी तालुक्याच्या गावात १८८२ चं सालच चालू होतं. दार उघडं, कागद नको, अनुभव नको. फक्त चढ.

मग मी त्याला काय सांगितलं

सल्ला द्यायला मी काही मोठा माणूस नाही, पण इतकं वाचल्यावर रिकाम्या हाताने फोन कसा करणार? म्हटलं, “काम सोडू नकोस, तो काँट्रॅक्टर सोड.” धंदा चांगला आहे. घर बांधणारा प्रत्येक माणूस वायरमनची वाट बघतो. पण जिना धरून चढ. दहावी झालेली आहे तर सरकारी आयटीआयला वीजतंत्रीचा फॉर्म भर, दोन वर्षांचा कोर्स. खासगीच्या मानाने फी फार कमी असते. नंतर नोंदणी करून उमेदवारी, म्हणजे विद्यावेतन. मग परवाना. तोवर अवजारं सगळी एकदम घ्यायची नाहीत: चांगला टेस्टर, इन्सुलेशनची पक्कड, स्क्रूड्रायव्हर, एवढ्यावर सुरुवात होते. जे हातात धरून विजेजवळ जायचं त्यात मात्र पैसे वाचवायचे नाहीत.

तो म्हणाला, “दादा, दोन वर्षं घरी काय सांगू? भाऊ म्हणेल बसून खातोय.”

याला इतिहासात उत्तर नव्हतं. मी मामाशी बोललो. मामा आधी गप्प बसला. मग म्हणाला, “दवाखान्याला गेले तेवढ्यात दोन वर्षांची फी झाली असती रे.” पुढे कुणीच काही बोललं नाही.

तो आता दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत एका नव्या माणसाबरोबर साइटवर जातो, रोजावर. मागच्या आठवड्यात त्याने मला एक फोटो पाठवला. मेन स्विचच्या पेटीला छोटं पितळी कुलूप आणि त्यावर वहीच्या पानाचा चिकटवलेला कागद: “वर माणूस आहे. चावी माझ्या खिशात.”

अक्षर त्याचंच. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. मी त्या सांगितल्या नाहीत.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात, चाळीत, गावात कुणी वायरमन किंवा लाइनमन असतील तर त्यांना एकदा विचारा की त्यांना पहिलं काम कुणी शिकवलं आणि पहिला शॉक कधी बसला. दुसरं उत्तर ते हसत देतील, पण पूर्ण ऐकून घ्या. आणि आम्हाला लिहून पाठवा, पुढच्या भागात वाचू. भेटूया.